रेडिओची पेटी गोल का झाली?

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. गेल्या पावसाळ्यात दमट हवेने त्याच्या डाव्या कडेचे व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, सुटू लागले, म्हणून तो कपाटावरून खाली काढला आणि पाठीमागचा भोके पाडलेला पुठ्ठा स्क्रू काढून बाजूला केला. समोरून इतका नेटका आणि तोललेला दिसणारा तो रेडिओ आतून मात्र वेगळाच होता. पत्र्याच्या सांगाड्यावर पाच व्हॉल्व्ह, म्हणजे विजेचा संदेश वाढवणाऱ्या, दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या, कमीजास्त उंचीचे उभे होते, एका बाजूला स्पीकरचे जड लोहचुंबक होते, दुसऱ्या बाजूला ट्रान्सफॉर्मर होता आणि या सगळ्यामधून एक बारीक दोरी चार कप्प्यांवरून, म्हणजे लहान चाकांवरून, वळसे घेत समोरच्या काट्यापर्यंत गेलेली होती. समोरचा चेहरा जसा आहे तसाच असायला हवा, असे या पसाऱ्यातले काहीही सांगत नव्हते.

तांब्या, समई, झोपाळा यांची रूपे शेकडो वर्षांच्या वापरातून घडत आली. तांब्याचा गळा अरुंद का आणि काठ बाहेर वळलेला का, हे तो उचलणाऱ्या हातालाच कळते. रेडिओला असा कोणी पूर्वज नव्हता. १९२० पूर्वी काही हौशी लोक सोडले तर तो कोणाच्या घरात नव्हता, आणि १९४० च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील घरांत तो जेवणाच्या टेबलाइतका नेहमीचा झाला होता. या वीस वर्षांत कोणाला तरी बसून ठरवावे लागले की ही वस्तू उभी असावी की आडवी, लाकडाची असावी की दुसऱ्या कशाची, स्पीकर वर बसवावा की बाजूला, आणि घरातल्या कोणीही हात लावावा अशी ती दिसावी कशी. यंत्राने हजारोंच्या संख्येने काढायच्या वस्तूचे रूप, तिचा वापर आणि ती बनवण्याची रीत यांचा मेळ आधीच कागदावर घालणे, या कामाला औद्योगिक डिझाइन म्हणतात. रेडिओ ही या विद्येची अगदी सुरुवातीची मोठी परीक्षा होती असे मी मानतो. ती समजून घ्यायला १९३० च्या दशकातील इंग्लंडइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण तेथे दोन कंपन्यांनी एकाच प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली, आणि पुढे त्या दोन्ही कंपन्यांची नावे मुंबई-ठाण्याशी जोडली गेली.

इंग्लंडमध्ये बीबीसीचे प्रसारण नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरू झाले. त्या काळचा रेडिओ आज कोणाला दाखवला तर तो शाळेच्या प्रयोगशाळेतले उपकरण समजेल. लाकडी फळीवर किंवा उघड्या खोक्यात सुटे भाग मांडलेले असत, ऐकण्यासाठी कानाला लावायचे हेडफोन किंवा फोनोग्राफसारखा कर्णा असे, आणि वीज पुरवण्यासाठी शेजारी आम्लाची बॅटरी ठेवावी लागे, जी वेळोवेळी दुकानात नेऊन भरून आणावी लागे. आम्ल सांडले की गालिचाला भोक पडत असे. एक केंद्र लावायचे तर दोन-तीन चकत्या एकमेकींशी जुळवून फिरवाव्या लागत, आणि कोणत्या आकड्यावर काय लागते हे वहीत टिपून ठेवावे लागे. असे यंत्र घरातला एखादा हौशी मुलगाच चालवू शके. बाकीच्यांनी दुरून ऐकायचे.

पेटीचा प्रश्न उभा राहिला तो दशकाच्या अखेरीस, तीन सुधारणा जवळजवळ एकाच वेळी आल्यामुळे. घरातल्या विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आले आणि आम्लाची बॅटरी गेली. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये कागदी शंकू आणि त्याला जोडलेले तारेचे वेटोळे अशा रचनेचा स्पीकर मांडला, आणि कर्णा गेला. केंद्र लावण्याचे सगळे काम एकाच बटणाने होऊ लागले, आणि चकत्यांची रांग गेली. जे यंत्र आधी टेबलभर पसरलेले असे, ते सगळे आता एका पेटीत मावत होते. पण पेटी कसली, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

सुरुवातीचे उत्तर सुतारांनी दिले, आणि ते त्यांच्या हाताला ठाऊक असलेलेच होते. रेडिओ कपाटात घातला गेला. त्याला कोरीव पाय आले, नक्षीची दारे आली, जुन्या राजांच्या काळातल्या फर्निचरची नक्कल आली. अमेरिकेत फिल्को कंपनीने १९३० मध्ये टेबलावर ठेवायचा 'बेबी ग्रँड' काढला, ज्याचा माथा चर्चच्या कमानीसारखा होता. या घाटाला आजही जुन्या वस्तू जमवणारे 'कॅथीड्रल' म्हणतात. हा घाट दिसायला धार्मिक असला तरी त्यामागे आतल्या यंत्राचा हिशेब होता. व्हॉल्व्ह उंच असत आणि ते उभेच बसवावे लागत. तापून वर चढणाऱ्या हवेला वाट ठेवावी लागे. केंद्र लावण्याची चकती लहान असल्याने तिला फारशी रुंदी लागत नसे. म्हणून सांगाडा खाली, स्पीकर वर आणि चकती मध्ये, अशी उभी मांडणी स्वाभाविक ठरली, आणि उभ्या पेटीवर कमान शोभतेच.

पेटी मोठी असावी यालाही एक भौतिक कारण होते, जे पुष्कळांना माहीत नसते. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची त्याच क्षणी विरळ होते. मागचा आवाज कडेने वळून पुढे आला की समोरच्या आवाजाला खोडून टाकतो. ही खोडाखोड खर्जाच्या, म्हणजे लांब लहरींच्या आवाजात जास्त होते. म्हणून शंकूच्या भोवती जितकी रुंद फळी असेल, तितका मागचा आवाज पुढे यायला वळसा लांबचा पडतो आणि खर्ज टिकून राहतो. तबल्याचा डग्गा लहान रेडिओवर ऐकूच येत नाही आणि मोठ्या लाकडी रेडिओवर घुमतो, याचे मुख्य कारण हे आहे. लाकूड 'गोड वाजते' असे लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण त्या गोडव्यातला मोठा वाटा पेटीच्या आकारमानाचा असतो.

आता बेकलाइटकडे वळतो, कारण खरे वळण तेथे आहे. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगातून हे पूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिक तयार केले. ते विजेला अडवते आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. त्याची पेटी बनवण्याची रीत अशी: राळेची भुकटी आणि लाकडाचा भुसा यांचे मिश्रण पोलादी साच्यात घालायचे, साचा दीडशे अंश सेल्सिअसच्या वर तापवायचा, आणि प्रचंड दाबाच्या यंत्राखाली तो काही मिनिटे मिटून ठेवायचा. साचा उघडला की चकाकणारी, भोके-खाचांसकट तयार पेटी बाहेर येते. तिला रंधा नको, सरस नको, पॉलिश नको.

या रीतीने पेटीचे रूप कसे बदलले, ते एखादी बेकलाइटची पेटी हातात घेतली तर दिसते. तिचे कोपरे गोलाईचे असतात, कारण दाबाखाली पातळ झालेले मिश्रण काटकोनी कोपऱ्यात नीट शिरत नाही, आणि शिरले तरी तेथेच पुढे तडा जातो. तिच्या भिंती अगदी उभ्या नसतात, तोंडाकडे किंचित फाकलेल्या असतात. इडलीच्या साच्याची वाटी जशी वर रुंद असते म्हणून इडली सहज सुटते, तसेच हे आहे. मोठ्या सपाट पृष्ठावर मिश्रण वाहिल्याच्या खुणा आणि डाग उठून दिसतात, म्हणून पृष्ठाला बाक दिला जाई किंवा त्यावर समांतर उठावाच्या रेघा घातल्या जात. त्या रेघांनी पातळ भिंत मजबूतही होई. ज्याला आपण १९३० च्या दशकाची 'स्टाइल' म्हणतो, त्या गोलाईतला आणि रेघांतला बराच भाग साच्याने सांगितलेला आहे.

पण साच्याची सर्वांत मोठी मागणी पैशाची होती. कडक पोलादात कोरलेला आणि आरशासारखा घासलेला साचा अतिशय महाग पडे. ती किंमत भरून यायची तर एकाच घाटाच्या हजारो पेट्या विकल्या जायला हव्यात. लाकडाच्या कामात घाट पसंत पडला नाही तर सुतार पुढच्या आठवड्यात दुसरा करतो, थोडे लाकूड वाया जाते इतकेच. साचा एकदा कोरला की तो पुसता येत नाही. चूक परवडत नाही म्हटल्यावर, साचा कोरण्याआधी रूपाचा सगळा विचार करून देणारा माणूस लागणारच होता. कारखानदारांना अचानक सौंदर्याची ओढ लागली म्हणून डिझाइनर कारखान्यात आले, असे सांगितले जाते ते मला पटत नाही. त्यांना आणले ते पोलादाच्या किमतीने.

लंडनच्या पूर्वेला समुद्रकाठच्या साउथएंड गावातील ई. के. कोल यांची कंपनी या वाटेने सर्वांत पुढे गेली. तिच्या रेडिओंचे नाव 'एको'. सुरुवातीला तिने बेकलाइटच्या पेट्या जर्मनीतून करवून आणल्या आणि मग साउथएंडलाच स्वतःचा साचेकामाचा कारखाना उभारला. १९३२ मध्ये तिने काही निवडक वास्तुविशारदांकडून पेटीचे आराखडे मागवले, आणि त्यातून वेल्स कोट्स यांचा आराखडा निवडला गेला. कोट्स यांचा जन्म १८९५ चा, टोकियोतला. आईवडील कॅनडाचे मिशनरी. शिक्षण आधी इंजिनिअरिंगचे. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील, १९३४ मध्ये पूर्ण झालेली लॉन रोडवरची पांढरी काँक्रीटची इमारत त्यांचीच. बीबीसीच्या नव्या वास्तूतील काही स्टुडिओंची आतली रचना त्यांनी केली होती, आणि त्या कामात त्यांच्यासोबत असलेले सर्ज चेर्मायेफ हेही पुढे एकोसाठी पेटी करून देत होते. आवाज जेथून निघतो ती खोली आणि आवाज जेथे पोहोचतो ती पेटी, दोन्ही एकाच हातांनी रेखाटल्या गेल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कोट्स यांचा रेडिओ, एडी-६५, १९३४ मध्ये बाजारात आला. तो गोल होता. चौकोनी पेटीवर गोल सजावट केलेली नव्हती, सबंध पेटीच एखाद्या उभ्या ठेवलेल्या मोठ्या डब्यासारखी गोल होती आणि खाली टेकायला तेवढा सपाट पाया होता. मध्यभागी स्पीकरचे वर्तुळ, त्यावर कापड आणि उभ्या पट्ट्या. वरच्या अर्ध्या भागात केंद्रांच्या नावांची अर्धगोल पट्टी. खाली तीन बटणे. अशी पेटी त्याआधी कोणी विकली नव्हती, आणि तरीही ती पाहताना तऱ्हेवाईक वाटत नाही. याचे कारण आतल्या यंत्रात आहे.

स्पीकरचा शंकू गोल असतो, त्याला चौकोनी खोकेच लागते असे नाही. केंद्र निवडणारा जो भाग, ज्याला आपल्याकडचे दुरुस्तीवाले 'गँग' म्हणतात, तो ॲल्युमिनियमच्या अर्धगोल पात्यांचा असतो. स्थिर पात्यांच्या फटींत फिरती पाती शिरत जातात, आणि पूर्ण आत ते पूर्ण बाहेर हा प्रवास बरोबर अर्ध्या फेरीचा असतो. म्हणजे केंद्रांची नावे लिहिण्यासाठी सर्वांत सरळ जागा अर्धवर्तुळाचीच आहे. कोट्स यांनी स्पीकरचे वर्तुळ आणि गँगची अर्धी फेरी एकाच मध्यबिंदूभोवती मांडली, आणि बाहेरची पेटी त्यांच्याच मापाने वळवली. शिवाय गोल साचा लेथवर कातता येतो, चौकोनी साच्याचे कोपरे कोरत बसण्यापेक्षा ते काम सोपे असते. यंत्र, वापर आणि कारखाना या तिघांनाही गोल आकार सोयीचा पडला. चांगल्या डिझाइनची मला माहीत असलेली ही सर्वांत स्वच्छ उकल आहे.

खरेदीदारांचे मन मात्र इतक्या लवकर वळले नाही. हा रेडिओ काळ्या रंगात चकचकीत क्रोमच्या पट्ट्यांसह मिळत असे आणि अक्रोडाच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या तपकिरी रंगातही. बहुतेकांनी तपकिरी घेतला. पेटी प्लॅस्टिकची आणि गोल असली तरी दिवाणखान्यातल्या फर्निचरशी तिचा रंग जुळावा, एवढी अपेक्षा लोकांनी सोडली नाही, आणि मला त्यात काही चुकीचे दिसत नाही. घरात येणाऱ्या वस्तूने घरातल्यांशी थोडे जुळवून घ्यायचे असते.

दुसरे उत्तर लाकडाचे होते. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ मध्ये वेल्विन गार्डन सिटी येथे रेडिओचा कारखाना काढला. मर्फी यांना पेटीवर खोटी नक्षी नको होती आणि प्लॅस्टिकही नको होते. त्यांनी ब्रॉडवे गावातील फर्निचरवाले गॉर्डन रसेल यांच्याकडे धाव घेतली, आणि रसेल यांचे धाकटे भाऊ आर. डी. रसेल मर्फीच्या पेट्या रेखाटू लागले. अक्रोडाचे पातळ व्हिनिअर, कडांना हलकी गोलाई, समोर साधे उघडे चौकोन आणि कोरीवकामाचा मागमूस नाही. लाकूड असूनही या पेट्या एखाददुसरी सुताराने फुरसतीत घडवाव्यात अशा नव्हत्या. प्रत्येक सांधा यंत्रावर कापता येईल असा विचार करून त्या आखलेल्या होत्या, आणि मागणी इतकी वाढली की त्या बनवण्यासाठी रसेल यांनी लंडनमध्ये वेगळा कारखाना काढला. म्हणजे औद्योगिक डिझाइन म्हणजे प्लॅस्टिक, हा समज बरोबर नाही. पदार्थ कोणताही असो, तो यंत्रावर कसा वागतो हे ओळखून रूप ठरवणे हे ते काम आहे.

याच काळात जर्मनीत या विद्येचा उपयोग वेगळ्याच हेतूने झाला. १९३३ मध्ये नाझी सरकारच्या पुढाकाराने 'फोल्क्सएम्फेंगर', म्हणजे लोकांचा रेडिओ, बाजारात आला. पेटी वाल्टर मारिया केर्स्टिंग यांनी रेखाटलेली होती, गडद बेकलाइटची, वर गोल कापडी स्पीकर आणि खाली लहानशी चकती. किंमत ७६ राइशमार्क ठेवलेली होती, जी त्या काळच्या इतर रेडिओंच्या मानाने बरीच कमी होती. मॉडेलचा क्रमांक ३०१ होता, कारण हिटलर ३० जानेवारीला सत्तेवर आला होता. १९३८ मध्ये आलेला त्याचा लहान भाऊ ३५ राइशमार्कांना मिळे. पेटी साधी, स्वस्त, नेटकी आणि यंत्राला अनुकूल होती. डिझाइनच्या पाठ्यपुस्तकातले सगळे गुण तिच्यात होते, आणि ती घरोघरी एकाच माणसाचा आवाज पोहोचवण्यासाठी बनवलेली होती. ही पेटी देखणी आहे, हे मान्य करताना मला प्रत्येक वेळी अवघड वाटते.

अमेरिकेत रंगांना मोकळीक मिळाली. बेकलाइट भुशामुळे गडदच राहते, पण युरियापासून बनवलेल्या प्लॅस्टिकला पांढरा आणि फिकट रंग देता येऊ लागला. भुसा न घालता ओतून घट्ट केलेले 'कॅटलिन' तर संगमरवरासारख्या रेषांचे, लाल, हिरवे, पिवळे असे होई. हे कॅटलिन वर्षांगणिक आकसते आणि त्याचा रंग बदलतो. आज संग्रहांत दिसणारे लोण्याच्या रंगाचे अनेक रेडिओ मुळात पांढरे होते. वॉल्टर डॉर्विन टीग यांनी १९३५ मध्ये स्पार्टन कंपनीसाठी निळ्या आरशाची वर्तुळाकार तबकडी पुढे असलेला 'ब्लूबर्ड' केला, नॉर्मन बेल गेडेस यांनी १९४० मध्ये एमर्सनसाठी लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचा 'पेट्रियट' केला. देखणे काम आहे, पण त्यात आतल्या यंत्राशी बोलणे कमी आणि दुकानातल्या काचेशी बोलणे जास्त आहे. एका बाबतीत मात्र अमेरिकी प्लॅस्टिकची पेटी निव्वळ दिखाऊ नव्हती. स्वस्त रेडिओंत ट्रान्सफॉर्मर गाळून व्हॉल्व्हच्या तारा थेट घरच्या विजेला जोडत, त्यामुळे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यातच वीज असण्याचा धोका असे. तेथे प्लॅस्टिकची पेटी आणि बटणे माणसाला शॉकपासून वाचवत होती. अशा जुन्या रेडिओचे तुटलेले बटण काढून उघड्या धातूच्या दांडीला हात लावणे आजही जिवावर बेतू शकते.

आता उभा रेडिओ आडवा कसा झाला ते सांगतो, कारण आपल्या घरांत आलेले बहुतेक मोठे रेडिओ आडवे होते. याचे श्रेय मी आमच्या रेडिओत पाहिलेल्या त्या बारीक दोरीला आहे. गँगच्या दांड्यावर एक मोठे चाक बसवतात. केंद्र लावायच्या बटणाची दांडी बारीक असते, तिच्याभोवती दोरीचे दोन-तीन वेढे देऊन ती दोरी कप्प्यांवरून मोठ्या चाकापर्यंत नेतात, आणि चाकाच्या आत एक लहान स्प्रिंग तिला ताणून धरते. बटण बऱ्याच फेऱ्या फिरवले तेव्हा कोठे चाकाची अर्धी फेरी होते, म्हणून हाताला बारीक हालचाल करता येते. दोरीच्या एका सरळ धावेवर काटा चिमटीने अडकवला की तो अर्धगोल न फिरता सरळ रेषेत सरकतो. एवढ्या साध्या युक्तीने केंद्रांची पट्टी गँगच्या अर्ध्या फेरीतून मोकळी झाली. ती हवी तितकी लांब करता येऊ लागली.

आणि ती लांब असण्याची गरजही वाढत होती. मीडियम वेव्हच्या जोडीला शॉर्ट वेव्हचे पट्टे आले, हजारो मैलांवरची केंद्रे लागू लागली, आणि प्रत्येक पट्ट्याला काचेवर आपली वेगळी ओळ हवी झाली. लांब आडवी काच आली तसा स्पीकर वरून उतरून बाजूला गेला, व्हॉल्व्ह आखूड झाले होतेच, आणि पेटी आडवी पसरली. मागून दिवा लावलेल्या त्या काचेवरची शहरांची नावे वाचणे हा एका पिढीचा भूगोलाचा अभ्यास होता. आमच्या काचेवर दिल्ली आणि कोलंबो एकमेकांपासून बोटभर अंतरावर आहेत. केंद्र नेमके लागले की मिटणारा हिरवा डोळा, ज्याला 'मॅजिक आय' म्हणत, अमेरिकेत १९३५ च्या सुमारास आला. तोही मुळात एक व्हॉल्व्हच होता, पण चेहऱ्यावर बसवला गेल्याने रेडिओ आपल्याकडे पाहतो आहे असे वाटू लागले. कोट्स मात्र आपल्या वर्तुळाला धरून राहिले. महायुद्ध संपता संपता आलेल्या ए-२२ या एकोच्या रेडिओत त्यांनी केंद्रांची पट्टी कडेने जवळजवळ सबंध फेरी घेईल अशी फिरवली आणि मध्ये फक्त स्पीकर ठेवला.

या दोन्ही इंग्रजी घराण्यांचे आपल्याकडचे नाते येथे येते. १९४० मध्ये मुंबईत 'नॅशनल एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग' ही कंपनी निघाली, जी पुढे टाटांची 'नेल्को' म्हणून ओळखली गेली. स्वातंत्र्यानंतर ठाण्यात मर्फीचा कारखाना आला, आणि ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाचे त्याचे चित्र घराघरांतल्या भिंतींवर गेले. आपल्या हवेत या दोन पदार्थांची पुन्हा एकदा परीक्षा झाली. सरसाने चिकटवलेले व्हिनिअर कोकणपट्टीच्या पावसाळ्यात फुगते आणि कडेने सुटते, बेकलाइटला पावसाचे काही वाटत नाही. तरीही साठच्या दशकापर्यंत आपल्याकडे लाकडी पेटीचा मान मोठा राहिला. मोठा लाकडी रेडिओ घेणे ही घरातली मोठी खरेदी असे, पोस्टात जाऊन त्याचे लायसन्स काढावे लागे, आणि अशी वस्तू फर्निचरसारखी दिसावी हीच अपेक्षा होती. त्यावर क्रोशाचा रुमाल पसरला जाई, त्याच्या माथ्यावर फुलदाणी ठेवली जाई. ही जागा रेडिओच्या डिझाइनरने आखलेली नव्हती, पण आडव्या पेटीच्या सपाट माथ्यामुळे ती मिळाली. गोल एडी-६५ च्या डोक्यावर काहीच ठेवता येत नसे.

व्हॉल्व्हचेच काम करणाऱ्या, पण इवल्याशा ट्रान्झिस्टरने हा सगळा हिशेब मोडला. १९५४ मध्ये अमेरिकेत आलेला 'रीजन्सी टीआर-१' हातात मावत होता, त्यात चार ट्रान्झिस्टर होते, आणि त्याचा चेहरा शिकागोतील पेंटर, टीग आणि पीटर्टिल यांच्या कचेरीने केला होता. व्हॉल्व्हची उंची नाही, उष्णता नाही, घरच्या विजेची तार नाही, म्हणजे पेटीने अमुकच आकार घ्यावा असे आतून सांगणारे फारसे कोणी उरले नाही. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, जर्मनीच्या ब्राउन कंपनीसाठी हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांनी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेला एसके-४ केला, पांढऱ्या पत्र्याचा, दोन्ही बाजूंना लाकडाच्या साध्या फळ्या, वर पारदर्शक झाकण. झाकण आधी पत्र्याचे करायचे होते, पण ते आवाजाबरोबर थरथरू लागले, म्हणून पारदर्शक प्लॅस्टिक घेतले गेले. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरांवर जे पारदर्शक झाकण दिसले, ते त्या थरथरीतून आले.

आमच्या रेडिओचे व्हिनिअर मी सरसानेच पुन्हा बसवले आणि रात्रभर वर पाटा-वरवंट्याचे वजन ठेवले. ते काम करताना पेटीच्या आतल्या बाजूस, शेवटच्या व्हॉल्व्हच्या बरोबर वर, लाकडावर रुपयाएवढा काळसर डाग दिसला. तो व्हॉल्व्ह सर्वांत जास्त तापतो. बाहेरून त्याच जागी माथ्यावर पॉलिश थोडे उडालेले आहे, आणि ते झाकण्यासाठी आजीने कायम तेथे गणपतीची पितळी मूर्ती ठेवलेली असे.